बंदुकीची टोपी आणि डोळा

पावसाळ्यात शिरोड्यात बरणीतल्या मिठालाही पाणी सुटते. अशा हवेत बंदुकीची दारू कोरडी ठेवणे कठीणच. सिंधुदुर्गात आजही अनेक शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असते. तिचा बार पेटवण्याची पद्धत बदलली, तशी डोळ्याची दुखापतही बदलली.

जुनी पद्धत चकमकीची. घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या उघड्या प्याल्यातल्या रंजकेवर पडतात आणि आग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत पोहोचते. रंजक ओली झाली की बार फुसका. शिवाय जाळ चेहऱ्याजवळच उठत असल्याने भाजण्याची भीती.

स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी ठोक्याने पेटणारे रसायन बंदुकीत वापरण्याचे पेटंट १८०७ मध्ये घेतले. पुढे असे रसायन तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरले जाऊ लागले. मग जुन्या बंदुकांचा प्याला आणि पट्टी काढून कानाच्या जागी पोकळ निपल बसवले गेले, घोडाही बदलला. नव्या घोड्याचे तोंड वाटीसारखे खोलगट असते, कारण फुटलेल्या टोपीचे तुकडे त्याने अडवायचे असतात. निपल झिजले किंवा घोडा नीट बसला नाही, तर तुकडे बाहेर उडतात.

असा कण डोळ्यात शिरला, तर जखम टाचणीच्या टोकाएवढी असते. कधी दुखतही नाही, दिसतेही ठीक. ‘कुसळ गेले असेल’ म्हणून माणूस दोन दिवस घरी काढतो. काचेचा कण डोळ्यात बराच काळ निमूट राहू शकतो. शुद्ध तांबे मात्र थोड्याच काळात तीव्र दाह निर्माण करते आणि नजर जाऊ शकते.

म्हणून डोळा चोळू नये, धुऊ नये, कण ओढू नये. दाब न देता वर कागदी कप झाकून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. शस्त्रक्रिया लागू शकते, त्यामुळे वाटेत काही खाऊ-पिऊ नये. काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. डोळ्यात धातू असल्याची शंका असताना एमआरआय धोक्याचा ठरू शकतो. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करावी.

बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबावे. बंदुकीत बदल किंवा दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार या कामाला परवाना लागतो. आणि बंदूक हाती घेण्याआधी डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवावा.