पेव : काळीचं धान्य, पांढरीच्या पोटात

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागात, मराठी बोलणारा शेतकरी शेतजमिनीला काळी म्हणतो आणि गाव जिथे वसलं आहे त्या जागेला पांढरी. काळी पिकवते, पण सांभाळत नाही. पावसाळ्यात ती फुगते, वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पांढरी उंचावरची असते. तिची माती माळवदावर घट्ट बसवली की छत गळत नाही. म्हणून काळीतली ज्वारी खळ्यावरून गावात यायची आणि वाड्याच्या अंगणात, ओसरीखाली, नाहीतर गल्लीच्या कडेला पांढरीत खणलेल्या पेवात उतरायची. कानडी शेजारी त्यालाच हगेवू म्हणतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत, हा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा, खात्यापित्या घराचा सगळा संसार या एका खड्ड्याच्या भरवशावर चालत असे.

जुन्या शेतीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. ते बहुतेक नांगर, बैल आणि पेरणीविषयी असतं. पीक घरात आल्यानंतर ते वर्षानुवर्षं टिकवण्याची विद्या मात्र त्यात कोपऱ्यात पडलेली दिसते. माझ्या मते या भागातली सर्वांत अवघड विद्या तीच होती. पाऊस हातात नाही, हे इथल्या माणसाला फार लवकर कळलं होतं. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, पुन्हा १८९६-९७, पुन्हा १८९९-१९००, मग १९१८ ला फसलेला पावसाळा: एका माणसाच्या आयुष्यात एवढं घडून गेलं. पिकलेल्या वर्षी न पिकणाऱ्या वर्षांची सोय करायची, एवढाच उपाय त्याच्या हातात होता.

बिदरच्या नावाशी तर दुष्काळ आणि धान्याची गोष्ट पाचशे वर्षांहून जास्त काळ जोडलेली आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बिदरच्या बहमनी सुलतानाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्य भुकेल्यांना वाटून टाकलं, बिदरहून बोलावणं आलं, आणि विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन सगळी रक्कम भरून आला, अशी कथा आहे. मंगळवेढा आजही ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जातो. तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्याआधी बाराव्या शतकात बसवेश्वर याच मंगळवेढ्यातून कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, गेले आणि तिथे त्यांच्या अनुयायांनी, म्हणजे शरणांनी, दासोह, म्हणजे आल्यागेल्याला जेवू घालणं, हा धर्माचाच भाग मानला. मंगळवेढा ते कल्याण हा ज्वारीचा रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना अन्न वाटण्याच्या आठवणी आहेत.

पेवात जायची ती ज्वारी रब्बीची. भाद्रपद-आश्विनात, उत्तरा-हस्ताच्या सुमाराला पेरलेली, पुढे जमिनीतल्या ओलीवरच वाढलेली, माघ-फाल्गुनात काढलेली. तिच्या कणसावर पाऊस पडत नाही, म्हणून दाणा मोत्यासारखा पांढरा, कडक आणि कोरडा. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ इथे १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हे वाण काढलं गेलं आणि आजही रब्बी ज्वारी म्हटलं की शेतकरी मालदांडीचंच नाव घेतो. खरिपाची ज्वारी पावसात सापडते, काळी पडते. ती आधी खायची, साठवायची नाही, हा घरातला पहिला नियम.

खणायला वडार बोलावले जात. जागा उंच हवी, जवळ विहीर, मोरी किंवा उकिरडा नको. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, खाली पोट मोठं. बिदर ज्या पठारावर आहे तिथे जांभा लागतो; बहमनी काळात याच जांभ्यात पाण्याची भुयारं, म्हणजे कारेझ, कोरली गेली. अशा जागी पेव पिढ्यानपिढ्या ढासळत नाही. मातीत खणलं तर आत शेणामातीने लिंपायचं आणि गोवऱ्या-काडीकचरा पेटवून भिंती कोरड्या भाजून काढायच्या. मग तळाला भुसकटाचा जाड थर, भिंतींना कडब्याचं अस्तर. हे अस्तर फार महत्त्वाचं. जमिनीतली ओल आधी त्याला लागते आणि दाणा मागे राहतो. तरीही भिंतीलगतची थोडी ज्वारी काळवंडणारच, हे धरूनच हिशेब करायचा.

हिशेब सोपा आहे. दोन मीटर व्यासाचं आणि तेवढंच खोल पेव धरलं तर आत सव्वासहा घनमीटर जागा होते. एका घनमीटरात ज्वारी साधारण सात क्विंटल बसते, म्हणजे चव्वेचाळीस क्विंटल. आठ माणसांच्या घराला दिवसाला चार किलो ज्वारी धरली तर वर्षाला साडेचौदा क्विंटल लागते. एका मध्यम पेवात एका कुटुंबाचं तीन वर्षांचं पोट भरतं. तेव्हाचा हिशेब पायली, मण आणि वीस मणांच्या खंडीत होई, पण घरच्या कर्त्या बाईला आकडा याच अर्थाने माहीत असे: किती माणसं, किती गडी, किती पाहुणे, लेकीचं बाळंतपण, घरातलं लग्न.

भरण्याआधीची परीक्षा दाताखाली. दाणा चावला की कट्ट वाजला पाहिजे. दबला तर आणखी दोन-चार उन्हं. आज आपण ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या आत हवा असं म्हणतो, ते दाताला आधीच कळत होतं. चैत्र-वैशाखात, हवा सर्वांत कोरडी असताना, पेव काठोकाठ भरायचं. पोकळी ठेवायची नाही, कारण पोकळी म्हणजे हवा. वर पुन्हा भुसकट-कडबा, त्यावर फरशी, त्यावर माती, आणि पाणी वाहून जाईल असा उंचवटा.

पुढचं काम ज्वारी स्वतः करते. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. त्याच्याबरोबर चुकून गेलेले सोंडे आणि पोरकिडेही श्वास घेतात. बंद जागेतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साचतो. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आला की किडे मरतात, अंडीही पुढे वाढत नाहीत. औषध नाही, धूर नाही. तोंड नीट बंद केलं एवढ्याने कीड थांबते. खाली ऊन-थंडीचा चढउतारही फार पोचत नाही.

ही युक्ती फक्त आपली नाही आणि त्यात कमीपणाही नाही. रोमचा व्हॅरो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात शेतीवर लिहिताना जमिनीखालच्या धान्यकोठ्यांची माहिती देतो. त्यात गहू पन्नास वर्षं आणि बाजरीवर्गातलं धान्य शंभराहून जास्त वर्षं टिकतं, असं तो म्हणतो. सुदानमध्ये ज्वारीच ‘मतमूरा’त ठेवतात. माल्टात नाइट्स राज्यकर्त्यांनी दगडात कोरलेली धान्यपेवं आजही दिसतात. व्हॅरोचा एक इशारा मात्र बिदरच्या कोणत्याही म्हाताऱ्याने दिला असता असा आहे: पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नका, माणसं गुदमरून मेली आहेत.

या धोक्यावर थांबलंच पाहिजे. किड्यांना मारणारी हवाच माणसाला मारते. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तो वर येत नाही, तळाशी बसून राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून फरशी काढायची, दिवसभर, जमल्यास दोन दिवस तोंड उघडं ठेवायचं, फांदी किंवा घोंगडं खालीवर हलवून हवा खेळवायची, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला तर उतरायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: कंदील जळत राहिला म्हणजे हवा चांगलीच आहे असं नाही. ज्योतीपुरता प्राणवायू शिल्लक असतानाही कार्बन डायऑक्साइड माणसाला बेशुद्ध करण्याइतका असू शकतो. उतरणाऱ्याच्या काखेखाली दोरी आणि वर दोन धडधाकट माणसं, हा नियम म्हणून कंदिलापेक्षा मोठा होता.

पेव उघडण्याचा मुहूर्त पावसाच्या आधीचा. एकदा तोंड उघडलं की सगळं धान्य काढायचं, कारण हवा आत गेली की राखण संपली. शहाणी घरं म्हणून एक मोठं पेव न करता दोन-तीन लहान करत.

इथून पुढे घरातल्या बायकांचं राज्य. पेवातल्या ज्वारीला एक उग्र, कोंदट वास येतो. तिला दोन-तीन दिवस अंगणात पसरून ऊन द्यायचं. काळवंडलेली, बुरशी लागलेली ज्वारी वेगळी काढायची. ती जनावरांना घालत. आज बुरशीतल्या विषाविषयी जे कळलं आहे ते पाहता जनावरांनाही घालू नये. चांगली ज्वारी कणगीत. या भागात तूर पुष्कळ, म्हणून तुराट्यांनी विणलेली आणि शेणामातीने लिंपलेली कणगी घरोघर. वाड्यांमध्ये भिंतीत बांधलेली बळदं. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात, बियाण्याच्या कडधान्याला लाल मातीचा लेप, मडक्यांच्या उतरंडीत राख आणि कडुलिंबाचा पाला. लिंपण दर सणाला, कारण भेगेतूनच कीड शिरते.

ज्वारीचं बियाणं मात्र पेवात कधीच नाही. पेवातल्या ओलीत आणि उबेत दाण्यातला अंकुर दुबळा होतो. खळ्यावर मळणीला बैल धरण्याआधी मोठी, भरलेली कणसं निवडून वेगळी काढायची आणि चुलीच्या वर, धुरात टांगून ठेवायची. पोटाला लागणारं धान्य जमिनीखाली आणि पुढच्या वर्षीचं बी चुलीवर, ही विभागणी ज्याने प्रथम केली त्याच्या निरीक्षणाला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

याच ज्वारीवर घरातलं बारा महिन्यांचं जेवण. पहाटे जात्यावर दळण, रोजची भाकरी, प्रवासाला आणि शेताला कडक भाकरी, उन्हाळ्यात आंबील. मार्गशीर्षाच्या अमावास्येला, वेळ अमावास्येला, आजही बिदर, कलबुर्गी, लातूर आणि धाराशिवकडची घरं उठून शेतात जातात. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि भज्जी, आंबील, ज्वारीचे उंडे यांचं जेवण होतं. तेव्हा रब्बीची ज्वारी शेतात उभी असते आणि ताटात मागच्या वर्षाची असते. मागची शिल्लक नसेल तर हा सण होत नाही, हे कुणी बोलून दाखवत नसलं तरी त्याचा पाया तोच आहे.

मात्र सगळ्या गावाला पेव होतं, अशी समजूत करून घेऊ नये. ज्याच्याकडे चाळीस क्विंटल शिल्लक पडते त्याचंच पेव. कुळाकडे, शेतमजुराकडे कणगी आणि मडकी. बलुतेदाराला खळ्यावर मिळालेलं बलुतं. मृगाच्या आधी घरातलं धान्य संपलं की तो पाटलाच्या, देशमुखाच्या किंवा सावकाराच्या दारात येई आणि मणभर ज्वारी नेऊन सुगीला सवाई किंवा दिढी फेडे. सुगीपर्यंत मणाचा सव्वा मण किंवा दीड मण. पेव दुष्काळात गाव जगवत असे आणि त्याच पेवाने गाव बांधूनही ठेवलं होतं. दामाजीपंतांची कथा लोकांनी एवढी जिवापाड का जपली, हे या व्याजाकडे पाहिलं की कळतं: भरलेलं कोठार विनामोल उघडणारा माणूस त्यांनी क्वचितच पाहिला होता.

पेवं बंद पडायला एक कारण नव्हतं. मुंबईहून येणारी रेल्वे १८७१ मध्येच गुलबर्ग्यावरून, म्हणजे आजच्या कलबुर्गीवरून, रायचूरला पोचली होती. धान्य विकून पैसा ठेवणं हळूहळू सोयीचं झालं. दुसऱ्या महायुद्धात सरकारी धान्यवसुली आली आणि साठा हा लपवण्याचा विषय झाला. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित वाण आलं. उत्पन्न भरपूर, पण खरिपाचं, दाणा मऊ. पेवासाठी ते नव्हतंच. पुढे रेशनचा तांदूळ-गहू आला, पत्र्याच्या कोठ्या आल्या, शेतात तूर आणि सोयाबीन वाढलं. ज्वारीच कमी झाली, तिथे पेव कशाने भरणार?

पेवाची जागा मात्र पत्र्याच्या कोठीने सगळी भरून काढली नाही. कोठीत हवा असते, म्हणून कीड होते, म्हणून घराघरांत अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या आल्या. त्यांचा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. ही गोळी राहत्या घरात ठेवण्याची वस्तूच नाही. उलट हवाबंद पिशवीची कल्पना, जी पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीला कॅमेरूनमध्ये चवळीसाठी विकसित केली, ती पेवाच्याच तत्त्वावर चालते: बाहेर विणलेलं पोतं, आत प्लास्टिकच्या दोन जाड पिशव्या, धान्य दाबून भरायचं, प्रत्येक पिशवीचं तोंड वेगळं पिळून बांधायचं. दाणा आधी कट्ट वाजेपर्यंत वाळवायचा, मध्येच उघडायचं नाही, उंदरांपासून दूर ठेवायचं. जिच्या सासूने पेव भरलेलं पाहिलं आहे तिला यातलं काहीच नव्याने शिकवावं लागत नाही.

आणि ज्यांच्या जुन्या वाड्यात पेव अजून आहे त्यांच्यासाठी. ते झाकलेलं असलं तरी फरशी किती भक्कम आहे ते तपासा. पावसाचं पाणी आत उतरत असेल तर त्यात धान्य नसतानाही वायू साचू शकतो. कुतूहलाने एकट्याने आत डोकावू नका. बुजवायचं ठरवलं तर आधी वरूनच काठीने किंवा ओळंब्याने खोली मोजा, तोंडाची रुंदी घ्या, भिंतीला कोणतं अस्तर होतं ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला विचारा आणि कोणत्या साली शेवटचं भरलं होतं तेही लिहून ठेवा. भालकी-आळंदकडच्या कित्येक गावांत हे सांगू शकणाऱ्या आज्या अजून आहेत.