जुनी मालमोटार वाटेंत कां बंद पडते ?

टोमॅटो किंवा कोथिंबीर भरून रात्रीं निघालेली मालमोटार कसारा घाटांत बंद पडली म्हणजे पहाटेचा बाजार चुकतो, आणि शिळ्या मालास भाव काय येतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याहून मोठें भय जिवाचें आहे. इंजिन थांबतांच पॉवर स्टिअरिंगचें साह्य जातें व चाक जड होतें. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेकांतील सांठाही दोन-तीन वेळां दाबतांच संपतो. म्हणून चालत्या गाडीचें इंजिन मेलें तर ब्रेक हापसत बसूं नये, एकदाच दाबून धरावा, गाडी कडेला घ्यावी, आणि ती उभी राहीपर्यंत किल्ली काढूं नये. कित्येक गाड्यांत किल्ली काढतांच स्टिअरिंगला कुलूप बसतें.

एवढें झाल्यावर बहुतेक चालक स्टार्टर मारीत सुटतात. आमच्या मतें तत्पूर्वीं दोन मिनिटें थांबून इंजिन कसें मेलें हें आठवणें अधिक हिताचें. दिवा मालवावा तसें एकदम मेलें, कीं धक्के खात, ओढ कमी होत होत ? चढावर कीं सपाटीवर ? टाकींत डिझेल किती होतें ? पुन्हां लगेच चालू झालें कीं पंधरा-वीस मिनिटांनीं ? हीं उत्तरें चालकाच्या खिशांतील वहींत टिपलेलीं असलीं तर मिस्त्रीचें निम्में काम होतें. तीं नसलीं कीं अंदाजानें भाग बदलण्याचा प्रकार सुरू होतो, आणि त्याचा खर्च मालकास पडतो.

१९५४ सालीं टाटांच्या कारखान्यानें डैम्लर-बेंझच्या सहकार्यानें मालमोटारी बांधण्यास आरंभ केला. तेव्हांपासून कित्येक वर्षें यांत्रिक पंपाच्या डिझेल गाड्याच आपल्याकडे रूढ होत्या, व येथें जुनी गाडी म्हणजे तीच असें आम्ही धरतों. या इंजिनास ठिणगी लागत नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंत डिझेल आपोआप पेटतें. एकदां चालू झालें कीं त्याला हवा आणि स्वच्छ डिझेल यांखेरीज फारसें कांहीं नको. अपवाद एकच. कित्येक पंपांवर विजेची एक झडप असते. तिला वीज मिळते तोंवरच ती डिझेल सोडते. गाडी दिवा मालवावा तशी मेली तर प्रथम या झडपेची तार व फ्यूज पाहावा. धक्के खात मेली तर बहुधा दोष डिझेलच्या वाटेवर समजावा. तेथें प्रथम फिल्टर पाहावा. तो तुंबला असेल तर भरलेली गाडी चढावर दम तोडते व सपाटीवर पुन्हां नीट चालते.

सर्वांत फसवा दोष मात्र नळीचा. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलें जातें. तेथील नळीस बारीक चीर पडली तर पुष्कळदां डिझेल बाहेर गळत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत शिरते. मिस्त्री ओल शोधतो, ओल दिसत नाहीं, म्हणून नळी निर्दोष ठरते आणि मोठा पंप उतरवून दुरुस्तीस जातो. असा खर्च करून आलेल्या गाड्या पुन्हां त्याच चढावर थांबलेल्या आम्हीं पाहिल्या आहेत. याची परीक्षा सोपी आहे. स्वच्छ डबा डिझेलनें भरून फीड पंपास वेगळी धड नळी लावावी व ती डब्यांत सोडावी. परतीची नळीही त्यांतच सोडावी. एरव्हीं उभ्या गाडींतही बंद पडणारें इंजिन असें अर्धा तास नीट चाललें, तर दोष टाकींत किंवा जुन्या नळींत आहे; पंपास हात लावूं नये.

टाकीच्या झांकणास हवेचें बारीक भोंक असतें. उंसाच्या फडांतील धूळ व चिखल बसून तें बुजलें कीं टाकींत पोकळी होते व डिझेल येईनासें होतें. झांकण उघडतांच फुस्स आवाज होऊन हवा आंत गेली आणि गाडी चालू झाली, तर रोग सांपडला. टाकी अर्ध्याखालीं गेल्यावरच गाडी थांबत असेल, तर आंतील ओढनळीस मधल्या उंचीवर भेग असण्याचा संभव आहे.

पाणी हा दोष पावसाळ्याचा, आणि बराचसा आपण स्वतः केलेला. अर्धवट भरलेल्या पिंपांत दंव धरतें व तें पाणी तळाशीं बसतें. फिल्टरच्या तळचा गाळ काचेच्या बाटलींत काढून रात्रभर ठेवावा. पाणी असेल तर खालीं वेगळें दिसेल. जस्ताचा मुलामा दिलेल्या पिंपांत डिझेल मुळींच सांठवूं नये, कारण जस्ताशीं संयोग होऊन जो चिकट गाळ होतो तो फिल्टर तुंबवितो.

नळी किंवा फिल्टर बदलल्यावर हवा काढावी लागते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबल्यावर तो आवळावा. नंतर पंपावरही तसेंच करावें. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात मात्र कधींही धरूं नये. तो कातडी भेदून आंत शिरतो, आणि जखम टिकलीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळांत जावें लागतें.

पेट्रोलच्या जुन्या गाड्या तापल्यावर बंद पडून निवल्यावर चालू झाल्या, तर इग्निशन कॉइलचा संशय घ्यावा. २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ नियमांच्या गाड्यांस वरील उपाय लावूं नयेत; त्यांच्या नळ्यांत दाब अतोनात असतो, व दोष संगणकास जोडून वाचावा लागतो.

दुरुस्ती झाली म्हणून लगेच घाटास जाऊं नये. गाडी भरून गांवाजवळच्या चढावर दोन फेऱ्या माराव्या, त्यांपैकीं एक टाकी अर्ध्याहून कमी असतांना.