पंपाविना चढणारं पाणी

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात चॅट्सवर्थ हाउस हा डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचा वाडा आहे. त्याच्या बागेतल्या ‘एम्परर फाउंटन’ या कारंज्याची धार 90 मीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस मजली इमारतीएवढी चढल्याची नोंद आहे. या कारंज्याला पंपच नाही!

1844 साली रशियाचा झार पहिला निकोलस इथे येईल, अशी सहाव्या ड्यूकला आशा होती. त्याच्यासाठी जगातलं सर्वांत उंच कारंजं उभारायचं ठरलं. मुख्य माळी जोसेफ पॅक्सटनने वाड्याहून सुमारे 110 मीटर उंच माळरानावर आठ एकरांचा तलाव बांधवून घेतला. रात्रीही मशालींच्या उजेडात काम चाललं आणि सहा महिन्यांत पुरं झालं. झार काही आला नाही.

कारंज्याचं सारं बळ त्या उंचीत आहे. पाण्याची उंची दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब देते. त्यामुळे बंद नळातून खाली आलेल्या पाण्यावर सुमारे 11 वातावरणांचा दाब असतो. अरुंद तोंडातून सुटताना या दाबाचं वेगात रूपांतर होतं. 90 मीटर चढायचं, तर पाणी ताशी किमान 150 किलोमीटर वेगाने सुटावं लागतं. मग धार पूर्ण 110 मीटर का चढत नाही? नळातलं घर्षण आणि हवेचा रोध काही ऊर्जा खाऊन टाकतात. म्हणूनच नळ रुंद ठेवावा लागतो: त्यात पाणी सावकाश वाहतं आणि घर्षणात कमी ऊर्जा जाते.

तलावातलं पाणी मात्र मोजकंच. म्हणून एरवी कारंजं निम्म्या उंचीवरच चालवतात. याच डोंगरउतारावरच्या पाण्याने 1893 पासून टर्बाइन फिरवून वाड्याला वीजही पुरवली.

जमिनीचा उतार हीच ऊर्जा आहे, हे पॅक्सटनने ओळखलं होतं. बाग असो वा गाव, पाण्याची योजना आखणाऱ्याने पंपाची किंमत विचारण्याआधी उतार मोजावा.