स्प्रिंट शर्यतीसाठी स्कूटर-सिलिंडरची द्वारे
द्विधाव एंजिनात झडपांचे कार्य सिलिंडरच्या भिंतीतील द्वारेच करीत असल्याने कानशीने काढलेला प्रत्येक मिलिमीटर एंजिनाचा स्वभाव पालटतो. 200 घन सें.मी. वर्गातील लँब्रेटाचे उदाहरण घेऊ : व्यास 66 मि.मी., धाव 58 मि.मी. निष्कासद्वार 170 अंश व संक्रमणद्वारे 124 अंश उघडी राहत असतील, तर ताज्या मिश्रणाच्या प्रवेशापूर्वी जळलेल्या वायूस निसटण्यास अवघे 23 अंश लाभतात. मिनिटास 8000 फेऱ्यांच्या वेगाने हा अवधी अर्धा मिलिसेकंदही भरत नाही. निष्कासद्वाराची वरची कड 1 मि.मी. चढविल्यास तो सुमारे 2 अंशांनी वाढतो. मात्र दाबाचा टप्पा तितकाच आखूड होऊन कमी वेगावरील ओढ घटते, आणि पाव मैलाच्या शर्यतीत सुटताना नेमकी तीच हवी असते! म्हणून प्रथम द्वार रुंदावणे प्रस्तुत लेखकास श्रेयस्कर वाटते. परंतु रुंदी व्यासाच्या दोन-तृतीयांशापलीकडे नेल्यास दट्ट्याचे कडे द्वारात अडकून मोडण्याची भीती असते. वाल्टर काडेन यांनी 1961 साली एम.झेड.च्या एंजिनातून लिटरमागे 200 अश्वशक्ती मिळविली, ती केवळ द्वारे कोरून नव्हे. निष्कासनळीतून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे मिश्रण सिलिंडरात मागे लोटीत असे. यास्तव द्वाराची उंची बदलली की नळीची लांबीही नव्याने जुळवावी लागते.