आधी सांगा, पडतं कसं?

सकाळी ८.१५

चहाचा कप हातात असतानाच फोन सुरू. "काए बड्डे, क्रोम फिर बैठ गओ." तो ठेवतो न ठेवतो तोच एका काकूंचा: "अरे, ते उघडतं आणि आपोआप बंद होतं. फॉरमॅट मारावं लागेल का रे?"

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा महिना, हयातीचा दाखला द्यायचा. जबलपुरात पेन्शनवाल्यांना तोटा नाही. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासूनची, शिवाय खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, व्हीकल फॅक्टरी, वीज कंपन्या, रेल्वे, हायकोर्ट. निवृत्त होऊन विजय नगरात घर घेतलेली मंडळी गल्लोगल्ली सापडतात. वर्षभर टॉवेलखाली झाकलेला कॉम्प्युटर या महिन्यात उघडला जातो, आणि नेमका तेव्हाच दगा देतो.

फॉरमॅटचं माझं मत मी कुणापासून लपवत नाही. फॉरमॅट मारला की चार दिवस बरं चालतं, कारागिराला पैसे सुटतात आणि बिघाड कशामुळे होता याचा पुरावा साफ पुसला जातो. पाचव्या दिवशी पुन्हा फोन. म्हणून मी फोनवरच विचारून घेतो: पडतं कसं? एकाच टॅबमध्ये रडका चेहरा येतो, अख्खी खिडकी न सांगता गायब होते, की मशीनच रीस्टार्ट मारतं?

हा फरक दिसतो तो क्रोमच्या रचनेमुळे. २ सप्टेंबर २००८ ला क्रोम आलं, तेव्हा गुगलने त्याची रचना समजावायला चक्क एक कॉमिक काढलं होतं, स्कॉट मॅक्लाउडने चितारलेलं. त्यातली मुख्य गोष्ट अशी की प्रत्येक टॅबचा संसार वेगळा ठेवायचा, म्हणजे एक पान कोसळलं तरी बाकीची उभी राहतील. तोवर एका वात्रट पानापायी सगळा ब्राउझर जायचा. तेव्हा नुसता टॅब मेला तर संशय त्या पानावर, एक्स्टेन्शनवर किंवा मेमरी कमी पडण्यावर. खिडकीच गेली तर त्याखालचं काहीतरी. मशीन गेलं तर ब्राउझरचा बहुधा काही दोष नाही.

यंदा, २०२५ मध्ये, आणखी एक प्रश्न प्रत्येक घरी येतो: "विंडोज १० बंद झालं म्हणे, म्हणून पडतंय का?" नाही. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने मोफत सुरक्षा अपडेट थांबवले, त्याने चालतं मशीन पडत नाही. वर्षभराचे जादा अपडेट घेण्याची सोयही त्यांनी दिली आहे. पण पेपरातली बातमी आणि घरातला बिघाड एकाच पंधरवड्यात आले की माणसं दोन्हींची गाठ मारतात.

सकाळी १०.००

अहिंसा चौकाजवळ त्या काकूंकडे. मशीन विंडोज ७ चं, नीट जपलेलं, माऊसखाली अजून कंपनीचं मॅट. क्रोम १०९ वर अडकलेलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० आलं ते विंडोज १० पासूनच पुढे चालतं, त्यामुळे या मशीनचं क्रोम तिथेच थिजलं. साइट पुढे गेल्या, ब्राउझर मागे राहिला. जुन्या विंडोजसाठी मोझिलाने फायरफॉक्सची ११५ ही आवृत्ती बराच काळ सांभाळली, ती टाकून दिली. "पेपर वाचा, भजनं ऐका, बँकेचं काम मात्र यावर नको," असं बजावलं. "मग बँकेचं?" "तुमच्या फोनवर, काकू." त्यांना ते पटलं नाही. फोनवर अक्षर दिसत नाही म्हणूनच तर त्या कॉम्प्युटरवर बसतात. मुलाला नव्या मशीनबद्दल सांगते म्हणाल्या.

सकाळी ११.१५

आजचं खरं काम हे. व्हीकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले काका, शक्तिमान ट्रकवर हयात गेलेली. दार उघडता उघडताच म्हणाले, "लोडवर बंद पडतंय, आयडलवर नाही." असं गिऱ्हाईक मिळालं की निम्मं काम झालेलं असतं.

काकूंनी पोहे पुढे केले आणि मी काही न करता नुसता बघत बसलो. हे मी मुद्दाम करतो. आल्याआल्या कॅश उडवायची, अपडेट मारायचं, अँटिव्हायरस काढायचा, असं सगळं एकदम केलं तर कशाने बरं झालं ते कळत नाही. काकांनी नागपूरचा ई-पेपर उघडला, पेन्शनची साइट उघडली, तिसऱ्या टॅबमध्ये यूट्यूब. पाच-सात मिनिटांत खिडकी गायब. निरोप नाही, काही नाही.

"क्रोमच खराब आहे," काकू म्हणाल्या.

एजवर तेच करून पाहिलं, एजही पडलं. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही, कारण जानेवारी २०२० पासून एज आणि क्रोम आतून एकाच क्रोमियमवर उभे आहेत. वेगळ्या घराण्याचा साक्षीदार म्हणून फायरफॉक्स टाकला. त्याचं इंजिन स्वतःचं. तोही गेला. म्हणजे प्रोफाइल नाही, एक्स्टेन्शन नाही, तिन्ही ब्राउझरच्या खालचं काहीतरी.

मग रिलायबिलिटी मॉनिटर उघडला. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की सापडतो. विंडोजमधली ही सगळ्यात कामाची आणि सगळ्यात दुर्लक्षित खिडकी. दिवसागणिक रकाने, ज्या दिवशी काही पडलं त्या रकान्यात लाल फुली. काकांच्या मशीनवर ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत एकही फुली नाही, आणि तिथून पुढे जवळपास रोज. प्रत्येक फुलीचा तपशील उघडून पाहिला. चूक तीच, ॲक्सेस व्हायोलेशन, म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीतल्या नको त्या जागी हात घातला. पण पडण्याची जागा दर वेळी निराळी: आज क्रोमच्या पोटात, काल विंडोजच्या फाइलमध्ये, परवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये. प्रोग्रॅममधली चूक असेल तर तो बहुतेक एकाच ठिकाणी ठेचकाळतो. कुठेही ठेचकाळत असेल तर रस्ताच खराब.

"काका, दिवाळीत काय झालं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पुण्याहून नातू आला होता. आजोबांचं मशीन हळू चालतं म्हणून त्याने कॅबिनेट उघडून धूळ उडवली, चार जीबीची एक रॅम होती तिच्या शेजारी आणखी चार जीबीची बसवली. "खूप फास्ट झालं हो त्यानंतर," काकू म्हणाल्या. झालंच असेल. मग नव्या रॅमने सगळं मशीन का नाही पडत, ब्राउझरच का, असं काकांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त मेमरी ब्राउझरच खातो. पत्ते खेळताना किंवा पत्र टाइप करताना मेमरीचा खराब कोपरा वापरातच येत नाही. तीन टॅब आणि व्हिडिओ चालू झाला की तिथवर पोचावंच लागतं.

विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी असते, पण तिच्यातून खराब रॅम निसटलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट लावला. हा विंडोज सुरू न करता चालतो, मेमरीच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहून ते तसंच परत वाचता येतं का बघतो. आठ जीबीची एक फेरी व्हायला तास-दीड तास सहज. "कुणी हात लावायचा नाही," एवढं सांगून निघालो.

दुपारी १.३०

मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये. रॅम लागलीच तर भाव माहीत असावा. ऐकून गप्प झालो. वर्षाच्या सुरुवातीचा भाव आता कुणी तोंडावरही आणत नाही. एआयच्या सर्व्हरसाठी कारखान्यांची मेमरी तिकडे वळली आणि त्याची झळ विजय नगरातल्या पेन्शनरला. दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात याहून वर जाईल. तो गेल्या आठवड्यातही हेच म्हणाला होता, आणि खरं ठरलं होतं. काही न घेता परत फिरलो.

दुपारी ३.३०

दीनदयाल चौकाकडे, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी. लॅपटॉपवर लेक्चर लावलं की एकदम काळा पडदा, मग क्रोम बंद. इथे दोन अँटिव्हायरस नांदत होते, एक लॅपटॉपबरोबर आलेला, एक भावाने टाकलेला. असे प्रोग्रॅम ब्राउझरच्या आत आपला कोड घुसवतात. गुगलनेच २०१७ मध्ये सांगितलं होतं की विंडोजवर असा कोड घुसलेलं क्रोम पडण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त असते, आणि पुढे त्यांनी हा शिरकाव अडवायला सुरुवात केली. दोन्ही काढले, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरे. तरी काळा पडदा आलाच. तेव्हा क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम'खालचं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद केलं, लेक्चर सुरळीत. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून नवा टाकला, ॲक्सिलरेशन पुन्हा चालू केलं, तरीही सुरळीत. हे शेवटचं पाऊल बरेच कारागीर गाळतात. ॲक्सिलरेशन बंदच ठेवलं तर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर, पंखा घरघरतो, बॅटरी लवकर संपते.

मुलगी पाणी घेऊन आली आणि विचारलं, "भैया, फॉर्म भरताना तर नाही ना बंद पडणार?" फॉर्म शेवटच्या दिवशी भरू नकोस म्हटलं. हा सल्ला ब्राउझरचा नाही, पण देतोच.

संध्याकाळी ५.००

कचनार सिटीतली ७६ फुटी शंकराची मूर्ती बघायला आलेल्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत काकांकडे. स्क्रीन लाल ओळींनी भरलेली. काका खुर्ची ओढून समोरच बसले होते, कुणी हात लावू नये म्हणून.

आता कोणती रॅम, की रॅमचा खाचा, हे ठरवायचं. वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातला करंट उतरवला. दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी दातांवर पेन्सिलीचं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, कचरा ब्रशने झाडला, फुंकर मारायची नाही कारण तोंडातला ओलावा बसतो. या खोडरबराला हसणारे पुष्कळ, पण जबलपूरच्या पावसाळ्यानंतर निम्म्या तक्रारी तेवढ्यावर मिटतात. खाच जुळवून पट्टी दाबली, दोन्ही बाजूंच्या कड्या टक् करून बसल्या. आधी जुनी एकटी: टेस्ट स्वच्छ. मग त्याच खाच्यात नवी एकटी: थोड्याच वेळात लाल. दुसऱ्या खाच्यात नवी: लाल. दुसऱ्या खाच्यात जुनी: स्वच्छ. खाचे निर्दोष, नवी पट्टी खराब. रॅमवर वॉरंटी असते, बिल नातवाकडे आहे. काकूंनी लगेच पुण्याला फोन लावला. नातू आधी मानेना. त्याला लाल स्क्रीनचा फोटो पाठवला.

पण निव्वळ नवी पट्टी काढून निघालो असतो तर ब्राउझर पडतच राहिला असता, निराळ्या कारणाने. चार जीबीवर क्रोम चालवताना विंडोज डिस्कवरची एक फाइल जोडीला घेतं, पेजफाइल. प्रोग्रॅमांना मेमरीचं आश्वासन देताना विंडोज रॅम आणि पेजफाइल यांची बेरीज बघतं, आणि बेरजेपलीकडे कबूल करत नाही. नातवाने कुठल्यातरी 'कॉम्प्युटर फास्ट करा' व्हिडिओवरून पेजफाइल बंद केलेली. आठ जीबी असताना ते खपून गेलं, चारवर खपणार नाही. मागितलेली मेमरी मिळाली नाही की ब्राउझर जागीच कोसळतो. फायरफॉक्सवाल्यांनी २०२२ मध्ये यावर एक साधा उपाय काढला. विंडोजने मेमरी नाकारली तर लगेच मरायचं नाही, क्षणभर थांबून पुन्हा मागायची, तोवर विंडोज पेजफाइल वाढवून घेतं. तेवढ्याने मेमरीअभावी पडणं निम्म्याहून जास्त घटलं. पण पेजफाइलच नसेल तर थांबून काय मिळणार? ती पुन्हा विंडोजच्या हवाली केली. सी ड्राइव्हवर जागा हवी म्हणून नातवाचे लग्नाचे व्हिडिओ डी वर सरकवले. क्रोमचं मेमरी सेव्हर चालू केलं, म्हणजे पडून असलेले टॅब झोपतात.

दोन्ही पट्ट्यांवर मार्करने जुनी-नवी लिहिलं. नवी पिशवीत घालून काकूंच्या हाती दिली.

संध्याकाळी ७.१५

काका सही करून घेतल्याशिवाय गाडी बाहेर सोडणारे नव्हेत. त्यांनी स्वतः लोड टेस्ट लावली: ई-पेपर, पेन्शनची साइट, यूट्यूबवर दोन भाषणं, बँक, रेल्वेची तिकिटं, वर नातवाला व्हिडिओ कॉल. मशीन धापा टाकत होतं पण उभं होतं. "पिकअप कमी आहे," ते म्हणाले. चार जीबीवर तेवढंच मिळेल म्हटलं. नवी पट्टी बदलून आली की बोलवा, आधी एकटीच टेस्ट करू आणि मग बसवू. रिलायबिलिटी मॉनिटर कसा उघडायचा ते त्यांनी वहीत पायरी-पायरीने उतरवून घेतलं. रोज रात्री पाहीन आणि फुली दिसली तर तारखेसह कळवीन, असं म्हणून मला किती द्यायचे ते विचारलं. सांगितलं. काकूंचा आवाज स्वयंपाकघरातून आला: "आणि फॉरमॅटचे वेगळे का?"