जमीन खरंच पाणी पिते का?

मंडळी, उन्हाळ्यात बदनापूरच्या काळ्या रानात खड्डा करून पाणी ओतलं, तर ते बघता बघता गडप होतं. आपण म्हणतो, चला, शोषखड्डा चालेल! न्यायशास्त्रात अशा फसव्या कारणाला हेत्वाभास म्हणतात. पाणी भेगांत गेलेलं असतं. ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तुंबतं.

म्हणून आपण शोषखड्ड्याच्या खोलीइतकं खणू, तळाशी खडी टाकू, रात्रभर पाणी मुरू देऊ आणि दुसऱ्या दिवशी मोजू. पाणी २५ मिलिमीटर उतरायला ६० मिनिटांहून जास्त लागली, तर भारतीय मानकानुसार तिथे सेप्टिक टाकीचं पाणी जिरवायचं नाही.

खाली मुरूम लागला की लोक खूश होतात. पण मुरमातून, कातळाच्या फटींतून तेच पाणी विहिरीतही उतरू शकतं.