दाब मोजताना जमीन विसरू नका

आपल्या गोंडपिपरी भागात आता शेतात सौर पंप दिसू लागले आहेत. त्यांच्या पेटीत सूर्याची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून मोटारीजोगी केली जाते. पेटी बिघडली की नुसत्या मीटरने भागत नाही. विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. पेटीची वीज त्या यंत्रापर्यंत नेणारी जोडणी म्हणजे प्रोब. तो चुकीचा निवडला, तर यंत्र जाईलच, पण शिकणाऱ्या पोराचा जीवही जाईल.

साध्या प्रोबला एक टोक आणि एक चिमटा असतो. चिमटा यंत्राच्या धातूच्या अंगाला आणि प्लगच्या तिसऱ्या पिनेतून थेट जमिनीला जोडलेला असतो. तो फेजला लावला की शॉर्टसर्किट ठरलेलेच. म्हणून काहीजण तिसरी पिनच काढून टाकतात. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात! आता यंत्राचे सगळे अंगच फेजवर चढते आणि त्याला हात लावणारा माणूस जमिनीची वाट होतो.

रानडुकरांपासून पीक राखायला आपण मचाण बांधतो. वर बसलेल्या दोघांच्या उंचीत फरक वीतभर, पण दोघेही जमिनीपासून दहा हात वर. पेटीतील दोन बिंदूंचेही तसेच असते. डिफरन्शियल प्रोब कोणतेही टोक जमिनीला न टेकवता दोघांतला फरक तेवढा घेतो आणि तो शंभर किंवा हजार पटीने लहान करून यंत्राकडे देतो.

तो निवडताना काय पाहावे? पहिले, दोन आकडे: टोकांतील फरक किती चालेल, आणि प्रत्येक टोक जमिनीपासून किती वर चालेल. आपण ४१५ व्होल्ट म्हणतो, पण त्या लाटेचे शिखर सुमारे ५८७ व्होल्टचे असते. तेव्हा हजार व्होल्ट किंवा अधिक सोसणारा घ्यावा. चंद्रपूरहून पडघ्याला जाणाऱ्या ५०० किलोव्होल्टच्या वाहिनीचे मात्र हे काम नव्हे. दुसरे, कॅट हा शिक्का: प्लगवर चालणाऱ्या उपकरणाला कॅट दोन, वितरण-पेटीला आणि पक्क्या वायरिंगला कॅट तीन. तिसरे, वेग: २५ मेगाहर्ट्झचा प्रोब सुमारे १४ नॅनोसेकंदांचा चढ दाखवू शकतो, बऱ्याच पंप-पेट्यांना तो पुरतो. मात्र वेग वाढला की सोसण्याची मर्यादा उतरते. माहितीपत्रकातील तो आलेख जरूर पाहावा.

शिक्षकबंधूंनी एक परीक्षा अवश्य घ्यावी. पेटी बंद करून प्रोबची दोन्ही टोके एकाच बिंदूला अडकवावीत आणि मग पेटी सुरू करावी. फरक शून्य, म्हणून पडद्यावर रेघ सपाट हवी. ती थरथरली, तर तेवढी थरथर प्रोबची, पेटीची नव्हे. वायरी एकमेकींना पीळ देऊन ठेवल्या की ती कमी होते.

पैसे कमी असतील तर वेगात काटकसर करा. सोसण्याच्या आकड्यात नको. आणि तिसरी पिन? ती जागच्या जागीच राहू द्या.